करमतं का?

आई होती तोवर बाबांचा आणि माझा फोन दहा-पंधरा सेकंदांत संपायचा. "जेवलास का?" "हो." "बरं, थांब, आईला देतो." मग फोन आईकडे जायचा आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं घरातली सगळी खबरबात कळायची. बाबांचा गुडघा दुखतोय. पार्किंगवरून बाबांचं शेजारच्या काकांशी वाजलंय. बाबांना तुझी आठवण येते. बाबांना माझी आठवण येते हेसुद्धा मला आईकडूनच कळायचं.

आईला जाऊन आता दोन वर्षं होतील. फोन द्यायला शेजारी कुणी नाही. "जेवलास का?" "हो. तुम्ही?" "झालं." मग दोघंही थांबतो. इथे आणखी काहीतरी बोलायचं असतं हे दोघांनाही ठाऊक असतं, पण ते कसं बोलतात हे शिकायचं राहून गेलंय. गेल्या महिन्यातला आमचा सर्वांत मोठा कॉल १ मिनिट ४८ सेकंदांचा आहे. मित्रांना विचारलं, तर जवळपास प्रत्येकाच्या घरी 'थांब, आईला देतो' हे वाक्य निघालं.

पुरुषांच्या एकाकीपणावरच्या रील्स हल्ली तुमच्याही फोनवर येत असतील. त्यातल्या बऱ्याच रील्सचा शेवट एकाच ठिकाणी होतो: बायका बदलल्या, त्यांना आता आपली गरज उरली नाही. त्या बघताना मला एक प्रश्न पडत राहिला. पुरुषाचं एकाकीपण ही नक्की कुणाची जबाबदारी? त्याची स्वतःची, त्याच्या आयुष्यातल्या बायकांची, की आणखी कुणाची? उत्तर शोधताना मी सामाजिक मानसशास्त्राकडे गेलो आणि तिथे मला आधी एक आई आणि तिची मुलगी भेटली.

*

आईचं नाव हिल्डगार्ड पेप्लाउ. अमेरिकेतल्या मनोरुग्ण परिचर्येचा पाया घालणारी ही नर्स. नर्सचं काम इंजेक्शन आणि चादरीपुरतं नसतं, रुग्णाशी जुळणारं नातं हाही उपचारच असतो, हे तिने १९५२ साली पुस्तक लिहून मांडलं. १९५५ साली तिने परिचर्येच्या मासिकात एक लेख लिहिला. विषय होता रुग्णांचं एकाकीपण. आपली मुलगी तिने एकटीने वाढवली.

ती मुलगी म्हणजे लेटिशिआ ॲन पेप्लाउ. ती सामाजिक मानसशास्त्रज्ञ झाली आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तिने जन्मभर तीन गोष्टींचा अभ्यास केला: एकाकीपण, स्त्री-पुरुष भेद आणि जवळची नाती. डॅनियल पर्लमन या सहकाऱ्याबरोबर तिने केलेली व्याख्या आज सगळीकडे वापरली जाते. माणसाला जशी नाती हवी असतात आणि जशी ती प्रत्यक्षात असतात, त्यांतली तफावत जाणवणं म्हणजे एकाकीपण. म्हणजे किती माणसं आजूबाजूला आहेत, हा मुद्दा नाही. एकटा राहणारा माणूस मजेत असू शकतो आणि चौदा माणसांच्या घरात कुणी एकाकी असू शकतं. एकांत आणि एकाकीपणा असे दोन शब्द जवळ असलेल्या मराठी माणसाला हे पटवून द्यावं लागू नये.

पण ही तफावत मोजायची कशी? 'तुम्ही एकाकी आहात का?' असं विचारलं तर लोक नाही म्हणतात. ते कबूल करणं म्हणजे आपण कुणालाच नको आहोत असं कबूल करण्यासारखं वाटतं. पेप्लाउ आणि डॅन रसेल यांच्या गटाने १९७८ साली एक प्रश्नावली केली आणि १९८० साली ती सुधारली. त्या सुधारित प्रश्नावलीत २० विधानं आहेत. गरज पडली तर कुणाकडे जाता येईल असं वाटतं का, आपल्याला खरं ओळखणारं कुणी आहे का, अशा अर्थाची. या २० विधानांत 'एकाकी' हा शब्द एकदाही येत नाही.

हे वाचल्यावर मला आपल्याकडचं एक क्रियापद आठवलं. करमणे. 'मी एकाकी आहे' असं माझ्या ओळखीतला एकही पुरुष म्हणणार नाही, पण 'करमत नाही' असं कधीतरी म्हणून जाईल. व्याकरणही सोयीचं आहे. 'मी' नव्हे, 'मला'. भूक लागावी, थंडी वाजावी तसं ते आपल्याला होतं, त्यात आपला दोष नसतो. मराठीत ही प्रश्नावली करायची झाली तर सुरुवातीला एकच प्रश्न पुरेल. करमतं का?

आता हा प्रश्न आपण कुणाला विचारतो ते आठवून बघा. पहिल्यांदा माहेरी आलेल्या लेकीला: सासरी करमतंय ना? होस्टेलवर गेलेल्या पोराला: करमतं का रे तिथे? चाळिशीच्या पुरुषाला कुणी हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. आणि विचारणारं कोण असतं? आई, आजी, मावशी, ताई.

*

बायकांना हा प्रश्न विचारला जातो म्हणून त्या सुखी असतात, असं मात्र नाही. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालच्या पुस्तकात एकाकीपणाचे दोन प्रकार सांगितले. एक, जिवाभावाचं एक माणूस नसणं. दोन, आपलं म्हणावं असं गणगोत नसणं. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. जोडीदारापासून वेगळे झालेले लोक मित्रमंडळींत रमले तरी त्यांची पहिली उणीव तशीच राहत होती. उलट, नवऱ्याच्या नोकरीपायी बोस्टन भागात राहायला आलेल्या बायकांना नवरा चांगला असूनही दुसरी उणीव छळत होती.

यातली दुसरी बाई आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे बहुतेक प्रत्येक लग्नात एका माणसाला गाव, घर आणि मैत्रिणी सोडून जायला लावतात आणि त्यालाच शुभकार्य म्हणतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, घर जागं होण्याआधी, बायका दळता दळता आपलं सुखदुःख गात होत्या. त्या ओव्यांचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. कित्येकींना ऐकायला जात्यापलीकडे कुणी नव्हतं. बायकांना मनातलं बोलता येतं, ही काही त्यांना जन्मजात मिळालेली देणगी नव्हे. ती त्यांनी गरजेपोटी कमावलेली आहे.

मग जास्त एकाकी कोण, बाई की पुरुष? २०१९ साली अनेक देशांतले शेकडो अभ्यास एकत्र करून हे तपासलं गेलं. सरासरीत दोघांत फरक जवळपास नाहीच असं निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपण छळतं. तेव्हा 'पुरुष विरुद्ध बाई' हा सामना लावण्यात अर्थ नाही. फरक आहे तो एकाकीपण कबूल करण्यात आणि ते कबूल केल्यावर काय होतं त्यात.

शेली बोरिस आणि पर्लमन यांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका एकाकी व्यक्तीचं वर्णन विद्यार्थ्यांना वाचायला दिलं. मजकूर तोच, फक्त काहींच्या कागदावर ती व्यक्ती पुरुष होती आणि काहींच्या कागदावर बाई. एकाकी पुरुषाबद्दल वाचणाऱ्यांचं मत जास्त वाईट झालं. थेट 'एकाकी' शब्द वापरून विचारलं की बायका जास्त प्रमाणात हो म्हणतात, याचं कारणही बोरिस आणि पर्लमन यांना इथेच दिसलं. पुरुषाला कबुलीची किंमत मोजावी लागते.

ही किंमत वसूल करणाऱ्यांत मी होतो. नोकरी लागण्याआधी मी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. शेजारच्या कॉटवरचा मित्र स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. दोनदा मेन्समध्ये अडकला होता. एका रात्री दिवा घालवल्यावर तो म्हणाला, "यार, इथे करमतच नाही रे हल्ली." मी म्हणालो, "मग लग्न कर." खोलीतले चौघंही हसलो, तोही हसला. पुढे वर्षभर आम्ही एकत्र राहिलो, रोज टपरीवर चहा प्यायलो, पण ते वाक्य तो पुन्हा बोलला नाही. आज त्याच्या वाढदिवसाला मी ग्रुपवर केकचं चित्र टाकतो. तो हात जोडलेलं चित्र टाकतो.

*

माझ्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा अभ्यास १९८३ सालचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या लॅड व्हीलर, हॅरी रीस आणि जॉन नेझलेक यांनी ९६ कॉलेज विद्यार्थ्यांना दोन आठवडे एक नोंदवही ठेवायला लावली. दहा मिनिटांहून मोठी प्रत्येक भेट लिहायची. कुणाशी, किती वेळ, किती जवळीक वाटली, मी मनातलं किती सांगितलं, समोरच्याने किती सांगितलं.

निष्कर्ष दोन भागांत आहे. पहिला भाग: मुलगा असो वा मुलगी, ज्यांचा वेळ मुलींच्या सहवासात जास्त जात होता ते कमी एकाकी होते. पुरुषांबरोबर घालवलेल्या वेळाचा असा उपयोग दिसला नाही. दुसरा भाग: वेळापेक्षा भेटीतला अर्थ महत्त्वाचा होता आणि त्यातही पुरुषांबरोबरच्या भेटी अर्थपूर्ण होत्या का, याचा एकाकीपणाशी संबंध जास्त घट्ट होता.

हा अभ्यास चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा आहे. शिवाय दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. कदाचित कमी एकाकी माणसंच जास्त मोकळं बोलत असतील. म्हणून मी हे सार्वत्रिक सत्य म्हणून सांगत नाही. पण वही ठेवायला तर काही हरकत नव्हती. मीही चौदा दिवस ठेवली. फोनही धरले आणि जवळिकीला १ ते ७ आकडे दिले.

चौदा दिवसांत ४१ नोंदी झाल्या. त्यातल्या २६ पुरुषांबरोबरच्या होत्या. अप्रेझल, गृहकर्जाचा हप्ता, आयपीएल, गाडीचं ॲव्हरेज, कुणाचा फ्लॅट कितीला गेला. बहुतेकांसमोर जवळिकीचा आकडा २. कंटाळा आला असं नाही, उलट भरपूर हसलो. पण त्यातल्या एकाही मित्राची रात्रीची झोप कशी आहे हे मला सांगता आलं नसतं. १५ नोंदी बायकांबरोबरच्या होत्या, मुख्यतः ताई आणि ऑफिसमधली एक मैत्रीण. तिथे आकडे ५ आणि ६.

मला वही आवडली. मी ती त्या मैत्रिणीला दाखवली. ती शांतपणे पानं उलटत गेली आणि एका रकान्यावर थांबली. "माझ्या नावापुढे 'मी किती सांगितलं' तिथे सगळीकडे ६ आहे. 'तिने किती सांगितलं' तिथे १, २, १." मग म्हणाली, "गेल्या महिन्यात माझ्या आईचं ऑपरेशन झालं. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं नाही."

ज्याला मी आमची जवळीक समजत होतो, ती अर्धीच होती. मी मोकळा होऊन घरी जात होतो आणि ती माझं ओझं घेऊन. ताईचा रकाना पाहिला. तिथेही तेच.

*

इथे मला तो बोस्टनचा अभ्यास समजला. १९७२ साली झिक रुबिन, चार्ल्स हिल आणि पेप्लाउ यांनी बोस्टन परिसरातल्या २३१ प्रेमी जोडप्यांचा अभ्यास सुरू केला आणि दोन वर्षं त्यांचा माग ठेवला. नात्यात दोघांचा शब्द समान असावा, असं बहुतेक सगळ्यांनीच सांगितलं. आपल्या नात्यात तो तसा आहे, असं म्हणणारे निम्म्याहूनही कमी होते. दोन वर्षांत १०३ जोड्या तुटल्या. नातं तोडण्यात पुढाकार मुलांपेक्षा मुलींचा जास्त होता आणि त्याचा धक्का मुलांना जास्त बसला.

ही माहिती रीलवाल्यांच्या हातात दिली तर ते म्हणतील, बघा, बायका निष्ठुर. मला ती वेगळी दिसते. नात्याचा हिशेब जो ठेवतो त्याला ते तोट्यात चाललंय हे आधी कळतं. जो ठेवतच नाही त्याला दुकान बंद झाल्यावर कळतं. आणि ज्याची मनातलं बोलायची एकच जागा असते, त्याची ती जागा गेली की सगळंच जातं. बाबांचं तेच झालं. आईबरोबर त्यांची बायको गेली, तसा मुलाशी बोलायचा मार्गही गेला.

तर मग पुरुषांना हे जमतच नाही असं म्हणायचं का? 'आमचा स्वभावच तसा' हा आपला आवडता बचाव. रीस आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली तोही तपासला. रोजच्या नोंदींत पुरुषांच्या आपापसातल्या गप्पा कमी जवळिकीच्या दिसत होत्या. पण जवळच्या मित्राशी मनातलं बोला, असं मुद्दाम सांगितल्यावर पुरुष बायकांइतकंच मोकळं बोलले. म्हणजे येतं. आपण करत नाही.

माझ्या मते प्रश्न नैतिक होतो तो इथे. जे येतच नाही त्याचा दोष कुणाला देता येत नाही. जे येतं आणि तरी करत नाही, त्याची जबाबदारी टाळता येत नाही. यावर उलट म्हणता येईल की, बोललेल्या पुरुषाला लोक हसतात, मग त्याने का बोलावं? आक्षेप खरा आहे. पण त्याने जबाबदारी नाहीशी होत नाही, ती सरकते. बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे येते. त्या रात्री धाडस माझ्या मित्राने केलं होतं. चूक माझी होती.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. एकाकीपण ही अपेक्षा आणि वास्तव यांतली तफावत असेल, तर अपेक्षा कमी करून ती मिटत नाही का? कुणाकडून काही नकोच म्हटलं की प्रश्न संपला. आपल्या परंपरेत याला मान आहे. तुकाराम एकांतासाठी डोंगरावर जात. पण तेच तुकाराम खाली येऊन कीर्तनात उभे राहत, टाळकऱ्यांच्या गर्दीत. वारीत आजही अनोळखी पुरुष एकमेकांना उराउरी भेटतात, पाया पडतात, डोळे पुसतात आणि कुणी हसत नाही. तो एकांत माणसांकडे परत येणारा होता. बाबांनी, माझ्या मित्राने आणि मी जे केलं ते वैराग्य नाही. आम्हाला हवं तेवढंच आहे, आम्ही फक्त मागणं बंद केलंय. आणि ते मागावं न लागता मिळावं म्हणून एखादी बाई जवळ असेल अशी सोय धरून चाललोय.

म्हणून माझं उत्तर असं आहे. एकाकी माणसाला कुणी विचारावं असं वाटणं गैर नाही. पण ते विचारणं बायकांनीच करावं, ही वसुली आहे. पुरुषाचं एकाकीपण ही आधी दुसऱ्या पुरुषांची जबाबदारी आहे, कारण आतापर्यंत सर्वांत कमी काम त्यांनीच केलंय. आणि मोकळं होण्याआधी शिकायची गोष्ट बोलणं ही नाहीच. ती विचारणं ही आहे. विचारायचं, आणि उत्तर आल्यावर विनोद करायचा नाही.

*

मैत्रिणीच्या आईची चौकशी केली. ती म्हणाली, "उशीर झाला, पण बरं वाटलं." वहीतला तिचा रकाना लगेच भरेल अशी माझी अपेक्षा नाही.

परवा बाबांना फोन केला. जेवण विचारून झालं. नेहमीच्या जागी आम्ही थांबलो, तेव्हा विचारलं, "बाबा, घरात करमतं का?"

बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकू आला. मग म्हणाले, "टीव्ही असतो." मी काही बोललो नाही. "सकाळ बरी जाते. दुपारी नाही करमत." आई दुपारी काय काय करायची ते सांगत राहिले. मटार सोलायचे असले की ती पेपर पसरून त्यांच्याच समोर बसायची, हे मला माहीतच नव्हतं. मग त्यांनी अचानक विचारलं, "तुला?"

हो म्हणायची सवय आहे. तोंडावर आलंही होतं. "मलाही कधी कधी नाही करमत, बाबा."

"हं," म्हणाले. "रविवारी ये मग."

कॉल ९ मिनिटं २० सेकंदांचा झाला. रॉचेस्टरच्या नियमाने ती नोंद धरता येत नाही, दहा मिनिटांना चाळीस सेकंद कमी आहेत. मी धरली.

शेजारच्या कॉटवरच्या मित्राचा नंबर अजून माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांनी काय निमित्ताने फोन करायचा, ते सुचत नाहीये. काय विचारायचं ते ठरलंय.